सात निर्मळ रात्री

"ही संख्या तू फुगवली आहेस." रेणुकादास सरांनी नोंदवही आरतीपुढे सरकवली.

चाकूरजवळच्या त्या प्रयोगशाळेत कणभौतिकीच्या एका मोठ्या प्रयोगासाठी ट्रिगर कार्डाची कसोटी चालली होती. आकाशातून येणारा कण दोन्ही संवेदकांतून एकाच क्षणी गेला, तरच कार्डाने साक्ष द्यायची, म्हणजे एक ठोका मोजायचा. आणि दर अर्ध्या तासाची संख्या कसोटी घेणाऱ्याने समोर बसून स्वहस्ते लिहायची, हा सरांचा दंडक. मागच्या आठवड्यातल्या, आरतीचा सहकारी यज्ञेशने लिहिलेल्या सात रात्री निर्मळ होत्या. या आठवड्यात आरतीची दिवसपाळी लागली, आणि रोज सकाळी दहाला चाळीसेक ठोके जास्त.

"कार्ड तेच, संवेदक तेच. माणूस बदलला की कार्ड खोटं बोलतं का? अहवालातून तुझं नाव मी काढतो आहे."

"काढा, सर. पण आधी कुंपणापाशी चला. दहाला शेतीची लाईट येते. शेतकऱ्याचीच लेक हाय मी, मला ठाऊक हाय."

सर निघाले, पण आकडा वाचायला त्यांनी शिपाई हरिओमला बसवले. आरतीला खोलीत ठेवण्याची त्यांची तयारी नव्हती.

कुंपणापलीकडे विहिरीवर धोंडाबाई मोटारीपाशी उभ्या होत्या. सरांच्या विनंतीवरून त्यांनी मोटार बंद केली, पुन्हा सुरू केली. स्टार्टरमध्ये ठिणगी चमकली.

"बेचाळीस वाढले, सर!" खिडकीतून हरिओम ओरडला.

पुन्हा तेच. "अडतीस!"

कार्ड ठिणगीलाच कण समजत होते. सरांनी आरतीपुढे हात जोडले. ती ओशाळून म्हणाली, "असू द्या हो, सर."

पण संशयाची जुनी सवय त्यांना स्वस्थ बसू देईना.

"बाई, ही लाईट रोज दहालाच येते?"

"ह्या हप्त्यात दहाला. मागल्या हप्त्यात रातीची पाळी होती, बाराला यायची. मालक आजारी, मग मीच येऊन राहिले होते. सातही राती मोटार लावली बघा."

सर थबकले. सात रात्री मोटार सुरू झाली होती, आणि वहीत एकही ठोका जास्त नव्हता.

"मग आमचे यज्ञेश दिसले असतील तुम्हाला, आत बसलेले?"

"कोन बसतंय वो आत?" धोंडाबाई हसल्या. "लाईट येस्तोवर रोज तुमच्याच पायरीवर टेकत होते मी, दाराच्या कुलपाला पाठ लावून."