सूनबाईच्या देखत

कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेनं म्हातारबाबा वाकून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, लघवी नकळत होते का?"

"छे हो, तसलं काही नाही," सूनच बोलून गेली. म्हातारबाबांनी मान डोलावली, पण नजर वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला बाहेर बसायला सांगितलं. "काका, आता लाजू नका. लघवी कळत नसेल तर कण्यातली नस फार दबली असणार; मग आजच ऑपरेशन करायला हवं, नाहीतर पाय कायमचे लुळे पडतील."

"कालपासून कळतच नाही," ते पुटपुटले. "चादर मीच गुपचूप धुतली. सूनबाईला कळू देऊ नका."

डॉक्टरीणबाई लगबगीनं बाहेर आल्या. सून दाराशीच उभी होती.

"डॉक्टर, मघाशी मी खोटं बोलले," ती घाईघाईनं म्हणाली. "कालपासून होतंय त्यांना. पण मला हे ठाऊक आहे, एवढं मात्र त्यांना सांगू नका."