विसराळू शांताराम

रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गरजत होता आणि कचेरीत साहेब.

"अरे शांताराम, बंदरात लोकांना पोहायला जागा करायची, तर भिंत आखलीस, पायऱ्या आखल्यास, आणि फाटक विसरलास? उद्या कुणीही उठेल नि पाण्यात उतरेल!"

घोडपदेवच्या चाळीतला शांताराम मोहिते गालात हसला. त्याच्या बापाला गावच्या तळ्याला शिवायची बंदी होती. कुणाला दया आलीच, तर वरून ओंजळीत पाणी पडायचं.

"राहिलं खरं, साहेब," म्हणत त्यानं पेन्सिलीला टोक केलं आणि बसल्या बैठकीला झकास नक्षीदार फाटक काढून दिलं. साहेब खूश! लगेच सही ठोकली.

 

कडी तेवढी तो पुन्हा विसरला.