दुसऱ्या पायरीची उंची

बुरुजापर्यंत पायऱ्या चारशे बारा, आम्ही मापनशास्त्राचे तिघे आणि बस सुटायला नव्वद मिनिटं. बीजिंगच्या परिषदेसाठी ट्युनिसहून आलेल्या हेलाबाईंनी चीनच्या भिंतीवरल्या बुरुजातून फोटो पाठवायचं लेकीला कबूल केलं होतं. उद्या त्यांचं विमान. दुसऱ्याच पायरीवर त्या अडखळल्या. “ही जास्त उंच आहे का हो?” गाओसरांनी खिशातून मोजपट्टी काढली. “एकतीस सेंटिमीटर.” “सर, इकडून अठ्ठावीस येतंय,” मी म्हणाले. “शुयिंग, पट्टी सरळ धर आधी!” बाईंनी मधोमध मोजलं, दगड तिथं झिजलेला, तिसराच आकडा आला. पाणी विकणारी मावशी हसली, “पायरी विकत घेताय का?” पट्ट्या बदलल्या, पुन्हा मोजलं, पण खरी उंची कोणती, कुणालाच सांगता येईना. मोजता मोजता नव्वद मिनिटं सरली आणि खालून बसचा भोंगा वाजला. बाईंनी बुरुजाकडे पाहिलं आणि लेकीला पायरीचाच फोटो पाठवला. चढलेल्या पायऱ्या: दोन.