उरकलेली पंचाहत्तरी

समोरचं फाटकही दिसेना इतकं धुकं छावणीवर उतरलं होतं, आणि विजयाबाई कणकेच्या पंचाहत्तर दिव्यांत वाती घालत बसल्या होत्या. तेवढ्यात इंदूरहून स्वरदाचा फोन आला.

"आई, बाबांना मी आल्यावरच ओवाळायचं हं. मित्राचं छोटं विमान मिळालंय, मीच उडवत आणतेय."

"अगं, इथे धुकं केवढं आहे."

"अरे यार आई, पोचेपर्यंत हटेल ना. नाही हटलं तर बघू. बस, दिवे लावू नका."

फोन ठेवून विजयाबाई वळल्या, तर लेकीचा फोनमधला मोठा आवाज ऐकत नरहरराव दारातच उभे. हवाई दलात त्यांची उमेदीची वर्षं पडलेल्या विमानांच्या चौकशीत गेली होती.

"'नाही हटलं तर बघू', म्हणाली?" त्यांनी विचारलं. "मी पाहिलेली लहान विमानं बिघाडानं कमी पडली, विजया. घरी कुणीतरी वाट बघतंय म्हणून जास्त पडली."

विजयाबाईंचा चेहरा उतरला. "मग तिला नको म्हणा की."

"नको म्हटलं तर हमखास निघेल. माझीच पोर आहे ती." नरहरराव पाटावर येऊन बसले. "दिवे लाव."

"तिच्याशिवाय?"

"तिच्याशिवाय. वाट बघणंच संपवून टाकू."

लेकीच्या हातात ताम्हण द्यायचं, हे विजयाबाईंनी वर्षभर मनात घोळवलं होतं. तरी त्यांनी काडी ओढली. ओवाळताना ते जड ताम्हण एकटीला पेलेना, तेव्हा नरहररावांनीच खालून हात लावला. मग फोटो काढून त्यांनी लेकीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'सगळं झालं. आता सावकाश ये.'

उत्तर येईना. दोघं फोनकडे बघत बसले. एकेक दिवा शांत होत गेला. दोन-चार उरले तेव्हा कुठे फोन वाजला.

"इतनी भी क्या जल्दी थी, बाबा? मी विमानात चढत होते! आता कशासाठी उडू? येते गाडीनं, आरामात. आणि मी तुमच्याशी बोलणार नाहीये." असं म्हणून ती बोलतच राहिली.

नरहररावांनी फोन स्पीकरवर टाकून ताम्हणाशेजारी ठेवला. विजयाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"बोल बाळा," ते म्हणाले, "पोटभर रागाव."