शीलाची साक्ष

साक्षीच्या पिंजऱ्यात शीला चढली तेव्हा जगनने मान फिरवली. दोन वर्षं त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. विठ्ठलवाडीच्या चाळीत दोघांच्या घरांत एकच भिंत होती. पलीकडे तिच्या कुकरची शिट्टी झाली की जगन जेवणावरून उठायचा.

शीलाने घराची चावी दिली म्हणून त्याची मुलगी प्रियांका जिवानिशी गेली. असं तो म्हणायचा आणि चाळही म्हणायची.

प्रियांकाचा रत्नदीपशी साखरपुडा झाला होता. मग तो तिचा फोन तपासू लागला, ऑफिसबाहेर पाळत ठेवू लागला. तिने अंगठी परत केली. तो ऐकेना. तिने नंबर बदलला तर तो मैत्रिणींना फोन करायचा. एका संध्याकाळी ती कामावरून आली तर तो घरात बसलेला. शेजारून चावी घेऊन शिरलेला. त्याने तिच्याच ओढणीने तिचा गळा आवळला.

ते त्याने नाकारलंही नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की तिच्या आईने मला बोलावलं, मोडलेलं लग्न पुन्हा जुळवायला. बोलता बोलता राग अनावर झाला.

सरकारी वकीलबाईंनी जगनला सोपं करून सांगितलं होतं. "हे टिकलं तर थोड्या वर्षांत बाहेर येईल तो. पण तिच्या मनाविरुद्ध घरात शिरून तिची वाट बघत बसलेला, हे कोर्टाला पटलं तर जन्मठेप."

मागच्या तारखेला मंजुळाची, म्हणजे प्रियांकाच्या आईची साक्ष झाली. "तुम्ही बोलावलंत त्याला?" या प्रश्नावर ती सरळ बघत "नाही" म्हणाली. जगनला बायकोचा अभिमान वाटला होता.

आता सगळं शीलावर होतं. पोलिसांसमोर ती नुसती रडली होती. चावी मी दिली, याच्यापुढे एक शब्द बोलली नव्हती. लग्न मोडल्याचं मला माहीतच नव्हतं, होणारा जावई समजून दिली, एवढं म्हणाली की ती मोकळी आणि रत्नदीप राजरोस आलेला पाहुणा. ती तेच म्हणणार, याची जगनला खात्री होती.

आरोपीचे वकील उठले. "चावी काय प्रसाद आहे का बाई, येईल त्याच्या हातावर ठेवायला?"

मागे कोणीतरी हसलं.

"आमच्याकडे चावी शेजारीच असते, साहेब," शीला म्हणाली. "मी दिवसभर घरात साड्यांना फॉल लावत बसते. कामावर जाणारे माझ्याकडे ठेवून जातात. कोणाचा गॅसवाला येतो, कोणाचा पाहुणा."

"बरोबर. म्हणजे रत्नदीप पाहुणाच होता."

"नाही."

वकिलांनी चष्मा काढला. "नाही कसा? होणारा जावई ना?"

"लग्न मोडलेलं. प्रियांकाने मला येऊन सांगितलेलं. म्हणाली, मावशी, तो आला तर चावी देऊ नकोस. मला त्याची भीती वाटते."

मंजुळाने जगनचा दंड घट्ट धरला. रागाने धरला असणार, असं त्याला वाटलं.

"माहीत असून दिलीत?" वकिलांचा आवाज चढला. "का? प्रियांकाच्या आईनेच सांगितलं होतं ना?"

शीलाने पदराने ओठ पुसले. ती न्यायाधीशांकडे बघत राहिली.

"मला कोणी सांगितलं नाही. त्याने मागितली, मी दिली. चूक माझी आहे."

त्यानंतर वकिलांनी पुष्कळ फिरवून फिरवून विचारलं. ती हलली नाही. दुपारी कोर्ट उठलं तेव्हा वकीलबाई फायली आवरता आवरता जगनला म्हणाल्या, "आता नाही सुटत तो."

जगनला बरं वाटायला हवं होतं. पायऱ्या उतरल्यावर त्याला फाटकाशी रिक्षा शोधणारी शीला दिसली आणि तो थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला.

"पोरीने सांगितलेलं तुम्हाला. तोंडाने सांगितलेलं, भीती वाटते म्हणून."

"हो, भावोजी."

"आणि तरी दिलीत."

शीलाने एका रिक्षाला हात केला.

"मी मेलो तरी माझ्या दारात येऊ नका."

शीलाने मान हलवली. मंजुळाकडे तिने पाहिलंही नाही. शेअर रिक्षात तिसरी सीट रिकामी होती, तिथे ती अंग चोरून बसली. रिक्षा स्टेशनच्या दिशेने गेली.

"तिला नका बोलू," मंजुळा म्हणाली.

"मग काय हार घालू तिला?"

"ती देत नव्हती चावी." मंजुळा रिक्षा गेली त्या दिशेने बघत होती. "मी सकाळी कामावर जाताना तिला बजावलं, रत्नदीप येईल, त्याला दे. ती म्हणाली, ताई, पोरगी नको म्हणते. मी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, आई मी आहे की तू?"

"तो येणार हे तुला कसं माहीत?" जगनने विचारलं.

"विहारात सगळ्यांना लग्नाची तारीख सांगून झालेली. म्हटलं, समोरासमोर बसली की वळेल पोरगी." आता ती रडत होती आणि आवाज वर चढत होता. "तो खरं बोलत होता, अहो. त्याला मीच बोलावलेलं."

मागे पायऱ्यांवरून आरोपीचे वकील फोनवर बोलत उतरत होते.

"हळू बोल," जगन म्हणाला.