आठवड्यातून तीन दिवस

"आठवड्यातून तीन दिवस," ट्रेनरबाई म्हणाल्या. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. नवख्या माणसाला एवढं पुष्कळ झालं."

"आणि रोज आलो तर?" धाकट्याने विचारलं.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पोटावर ताणलेली बटणं, बोटांना सुकलेली खळ. "भाऊ, आजवर कधी काही जड उचललंय?"

"पुठ्ठे. आमचं बुकबाइंडिंगचं दुकान आहे."

बाई हसल्या. तो हसला नाही. "माझ्याकडे तीनच आठवडे आहेत," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सगळ्या घरात जुळली ती एकट्या धाकट्याचीच. डॉक्टर म्हणाले होते, चार किलो वजन उतरवा, रोज थोडं चाला, गोड बंद करा. तीन आठवड्यांनी शेवटची तपासणी, ती पार पडली की ऑपरेशनची तारीख. जिमची कल्पना त्याची स्वतःची होती.

बाई एकदम मवाळ झाल्या. त्याला बाकावर बसवून त्या पंधरा मिनिटं बोलल्या. काय खायचं, किती पाणी प्यायचं, मधल्या दिवशी विश्रांती का घ्यायची, अतिरेक करणाऱ्या कोणाचं काय काय झालं. धाकट्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पट्टी काढली आणि त्यावर लिहून घेतलं. बाइंडरच्या खिशात कापलेल्या कागदाच्या पट्ट्या असायच्याच. पट्टी घडी करून त्याने परत खिशात ठेवली. पुढे शर्ट बदलला तरी ती खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तो आला. बुधवारीही आला. रविवारी जिमचं दार उघडायच्या आधी पायरीवर बसून होता.

"अहो, ऐकायचं नाही असं ठरवलंय का?" बाई ओरडल्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ओठ ओले केले आणि बाटली परत दिली. पाणी पोटात डचमळतं म्हणाला. बाईंनी हात टेकले.

सोमवार, बुधवार, शुक्रवार हे दादाचेही वार होते. हॉस्पिटलात चार तास तो मशीनला जोडलेला असायचा. धाकटा जिममधून थेट तिथे जाई आणि शेजारच्या खुर्चीत बसे. चहाचा कपही त्याला दोन्ही हातांनी धरावा लागे.

"कशाला एवढा जीव काढतोस?" दादा म्हणायचा. "चार किलोच तर उतरवायचेत."

"तू बोलू नकोस. दमशील."

"बघितलंत का माझे दीर?" वहिनी नर्सना सांगायची. "भावासाठी जिवाचं रान करतायत."

धाकटा खाली बघायचा. खाली बघितलं की दादाचा हात दिसायचा. डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. धाकटा दहा वर्षांचा असताना कटिंग मशीनच्या पात्याखाली त्याचा हात गेला होता. दादाने तो झटक्यात बाहेर ओढला, पण स्वतःचं बोट राहिलं आत. वडील तर आधीच गेले होते. दादानेच त्याला वाढवलं, शिकवलं, धंद्यात उभं केलं. या हाताला नाही म्हणण्याची त्याची आजवर छाती झाली नव्हती.

त्याला झोप लागत नव्हती. डोळा लागलाच तर ऑपरेशनचं टेबल दिसे, आणि तो दचकून उठे. एवढ्या मेहनतीवर पाणी फिरलं तर? तपासणीत भलतंच काही आलं तर? देवासमोर उभा राहून तो म्हणायचा, बाबा रे, एवढी एक तपासणी माझ्या मनासारखी होऊ दे.

अठराव्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. तो बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो तासभर आधीच जिमला पोचला.

तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर केली आणि विचारलं, "काही औषधं घेता? अंगमेहनतीचं काही?"

"नाही. तुम्ही सांगितलं तसं थोडं चालतो."

"आकडे बरोबर नाहीत. आठ दिवसांनी पुन्हा बघू."

ते आठही दिवस तो सकाळ-संध्याकाळ जिमला गेला. शेवटी बाईंनी त्याच्या हातातलं वजन हिसकावून घेतलं, तेव्हा तो जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडला. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्यांदाही तेच. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "यांची स्वतःचीच किडनी दमलेली दिसते. मी यांना टेबलावर घेणार नाही. दुसरं कोणी असेल तर लवकर शोधा. फार थांबता येणार नाही."

दुसरं कोणी नव्हतंच. वहिनी भिंतीला टेकून मटकन खाली बसली. धाकट्याने तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते.

दादाने उठून त्याला जवळ घेतलं. "रडू नकोस. तू कसूर केली नाहीस. माझ्यापायी तुझ्याच जिवावर बेतलं असतं, वेड्या." मग त्याचा आवाज चढला. "पण त्या बाईला मी सोडणार नाही. रोज-रोज राबवलं तिने तुला. काय सांगितलं होतं तिने पहिल्या दिवशी? तू सगळं खिशातल्या पट्टीवर लिहून ठेवतोस ना?"

"राहू दे दादा. तिची काही चूक नाही."

"बघू तरी."

धाकट्याचा हात खिशाकडे गेला, पण दादाचा आधी पोचला. त्याने पट्टीची घडी उलगडली, चष्मा लावला आणि ते अर्धं बोट अक्षरांखाली धरून सावकाश वाचू लागला: 'व्यायाम रोज केला तर किडनीचा रिपोर्ट बिघडतो. सोडला की महिन्यात सगळं पहिल्यासारखं.'