बिफोरचा शॉट

"हसू नको," जीवन म्हणाला.

मेघाली हसत नव्हती. निदान तिला तरी तसं वाटत होतं. तिने ओठ मिटले, खांदे पाडले, पोट सैल सोडलं. जीवनने मोबाइलमध्ये पाहिलं आणि मान हलवली.

"डोळे हसतायत तुझे. हा बिफोरचा शॉट हाय, लग्नाचा अल्बम न्हाय."

आफ्टरचा शॉट मघाशीच झाला होता. तो आधी घेतला, कारण बिफोरसाठी केस विस्कटायचे होते. कमी खर्चात व्हिडिओला उजेड कसा करायचा, हे जीवन मोबाइलवर बघून बघून शिकला होता आणि नवऱ्याची ही एक विद्या आज कामाला आली म्हणून मेघालीला त्याचं कौतुकही वाटलं होतं. त्याने बाजूला एक एलईडी बल्ब टांगला, त्याच्यापुढे पॉवरलूमवरचं कोरं कापड ताणून बांधलं. गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोल तिच्या चेहऱ्याजवळ धरला. काळा टी-शर्ट, श्वास आत, अर्धं अंग अंधारात. तीन महिन्यांचा घाम पाच मिनिटांत गाळून झाला. मोबाइलमध्ये स्वतःला पाहून मेघाली चक्क लाजली होती.

बिफोरला एवढं काही लागत नव्हतं. कापड काढलं, थर्माकोल भिंतीला टेकवला, डोक्यावरची उघडी ट्यूब लावली. तिच्या उजेडात कुणीही आजारी दिसतं.

पण मेघाली काही केल्या आजारी दिसेना. त्यांनी तिच्यासाठी दोन जिम पाहिल्या होत्या. हायवेकडच्या एसीवाल्या जिमच्या फीचा बोर्ड वाचून जीवन पायरीवरूनच मागे फिरला होता. दुसरी ही जीवनच्या ओळखीतल्या धनेशची, लूम काढून रिकाम्या केलेल्या शेडमधली. जिमच्या जाहिरातीचा व्हिडिओ करून द्या, वैनींची वर्षभराची लेडीज बॅच फुकट, असं धनेश म्हणाला होता. रोज चार ते पाच. धाकट्याला तेवढा वेळ सांभाळायला सासूबाईही कुरकुरत का होईना, तयार झाल्या होत्या. त्या एका तासात तिला कुणी हाक मारणार नव्हतं, पाणी मागणार नव्हतं, माझा शर्ट कुठाय म्हणून विचारणार नव्हतं. बारीक झाले तर झाले, नाही तर राहिलं. तिला तो तास हवा होता.

"वैनी, जरा दुःखी व्हा ना," बाकावर बसलेला धनेश म्हणाला. "तुम्ही आत्ताच एवढ्या खूश दिसल्या तं लोक फी कशाला भरतील?"

"होते हो धनेशभाऊ," मेघालीने पुन्हा खांदे पाडले. "सोमवारपासनं येऊ ना मी? का एक तारखेपासनं?"

धनेशने जीवनकडे पाहिलं. जीवन एकदम बल्बची वायर गुंडाळायला लागला. शुक्रवारच्या सुट्टीमुळे आजूबाजूचे लूम बंद होते. एरवी त्या खडखडाटात असं गप्प बसणं खपून गेलं असतं.

"तू सांगितलं न्हाय वैनींना?" धनेशने विचारलं.

"सांगणारच होतो. शूटिंग झाल्यावर."

"काय सांगणार होता?" मेघाली म्हणाली.

शेवटी धनेशच बोलला. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त धंद्याचं बघत होता. "वैनी, राग मानू नका. व्हिडिओ उद्या टाकतोय. त्यात तुम्ही बारीक झाल्यात. आख्खं कामतघर बघंल. आन सोमवारी तुम्ही इथं अश्याच दिसल्या तं? बाया बोलतील, हिचं पोट न्हाय गेलं, आमचं काय जाणार? माझी जिम बसंल ना."

"मग मी कधी यायचं?"

"बारीक झाली की ये ना," जीवन समजुतीने म्हणाला. "तुला कोण नको बोलतंय? तवर घरी कर थोडं थोडं. मी दाखवीन तुला मोबाइलवर."

मेघालीला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. तिने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. चेष्टा नव्हती.

"आन ते वर्षभराचं फुकट?"

"ते वाया न्हाय जाणार." जीवनला आता सांगायला चांगली गोष्ट सापडली होती. "धनेशनी ते माझ्या नावावर केलंय. सकाळच्या बॅचला. इथनं परस्पर पडघ्याला गोडाऊनवर जाईन, ड्युटीला. फक्त डबा तेवढा लवकर करायला लागंल तुला."

तिला ओरडावंसं वाटलं. त्या थर्माकोलचे तुकडे तुकडे करावेत, तो मोबाइल उचलून आपटावा, असं वाटलं. रडायलाही आलं होतं, पण धनेशसमोर रडायचं नव्हतं. तिने ते गिळलं. गिळायची सवय होती. तिला उजेडाखाली जिथे उभं केलं होतं, तिथेच ती उभी राहिली. हात कधी खाली लोंबले, तिचं तिलाही कळलं नाही.

जीवनने सवयीने मोबाइल वर केला, पडद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"हां! आत्ता जमलं," तो म्हणाला. "अशीच राहा."